नकटीला वास आला

माझी दाढ दुखत होती ही गोष्ट मी आठ महिने कुणालाही कळू दिली नव्हती. स्वतःलासुद्धा नाही. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं की माणसाला हे जमतं. दुसऱ्याच्या तोंडातलं सगळं कळतं आणि आपल्या तोंडाशी आलं की धडा बदलतो.

दाढ खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी. सुरुवात माठातल्या पाण्यानं झाली. घोट घेतला की एक कळ थेट कानापर्यंत जायची. मी माठातलं पाणी सोडलं आणि कोमट प्यायला लागले. मग गोडाचा घास उजवीकडे गेला की सळक येऊ लागली. मी डावीकडून चावायला शिकले. पुढं शेंगदाण्याचा कण नेमका तिथंच जाऊन बसायला लागला, म्हणून पर्समध्ये काड्यांची डबी आली. एकदा बॅटरी धरून आरशात पाहिलं तर दाढेवर मोहरीएवढा काळा ठिपका दिसला. चहाचा डाग असणार, असं मी आरशाला सांगितलं. ही सगळी लक्षणं, ह्याच क्रमानं, मी वर्षानुवर्षं सातवीच्या फळ्यावर लिहून देत आले होते आणि शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारत होते: दुखायची वाट पाहू नका, दाताच्या डॉक्टरांना दाखवा.

मी दाखवलं नाही, कारण मला भीती वाटत होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझी एक दाढ काढली होती. भूल नीट चढायच्या आत त्या डॉक्टरांना कसलीशी घाई झाली. त्याला आता सदतीस वर्षं झाली, पण दवाखान्याची नुसती पाटी दिसली तरी माझे पाय वळतात.

शिवाय माझ्याकडे एक सोयीचं निदान होतं. आमच्याकडे तोंड आलं, हिरडी सुजली, ओठ फुटला, काहीही झालं तरी कारण एकच असतं, उष्णता झाली. आणि उष्णतेवर औषधही एकच, गुलकंद. रोज दुपारी जेवण झालं की मी चमचाभर गुलकंद त्या दाढेपाशी धरून अर्धा तास बसायची. साखरेत मुरलेल्या पाकळ्या, किडक्या दाढेवर, नेमानं. पुढं डॉक्टरांनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी हातातलं अवजार आधी खाली ठेवलं आणि मगच त्या बोलल्या.

पण गंमत म्हणजे गुलकंद लागू पडला! जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दाढ दुखायची एकदम थांबली. थंड नाही, गरम नाही, काही नाही. मी मनातल्या मनात सगळ्या डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून माठातलं पाणी प्यायले. आणि त्याच आठवड्यात पॅकहाऊसमध्ये नकटीनं पहिल्या टेबलावर लाल दिवा दाखवला.

नकटी कोण ते सांगायला हवं.

सांगोल्याच्या पुढं कडवेवाडीला आमच्या बायकांचं डाळिंबाचं पॅकहाऊस आहे. अडतीस बायका, सहा टेबलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथली व्यवस्थापक झाले, तरी सगळ्या मला ‘ढोबळे बाई’च म्हणतात. आमचं फळ समुद्रापार जातं, आणि समुद्रापारच्या गिऱ्हाइकाची तक्रार नेहमी एकच असे, वरून लालचुटूक, कापल्यावर आत काळं. आतली कूज ही फार लबाड गोष्ट आहे. ती फुलातच शिरते, फळाच्या पोटात वाढते आणि सालीवर डागही उमटू देत नाही. ते फळ ओळखायचं कसं? २०३९ च्या त्या हंगामात त्याच्यावर यंत्र आलं.

यंत्र म्हणजे प्रत्येक टेबलावर लटकणारी, परडीएवढी चपटी तबकडी. कंपनीनं तिला ‘कृत्रिम नाक’ म्हटलं होतं. तिला नाकासारखं नाक नाही म्हणून बायकांनी नकटी म्हटलं. बसवताना एकदा वीज गेली, एकदा कंपनीचा माणूस आजारी पडला, एकदा तबकडीच फुटकी आली, तेव्हा तर ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ म्हणून सगळ्या पोट धरधरून हसल्या होत्या.

तिचं काम मात्र सुरेख होतं. तबकडीत सोळा पापुद्रे असत, केसाहूनही पातळ. हवेतून वासाचे कण येऊन पापुद्र्यावर बसले की त्यातून वाहणारी वीज किंचित कमीजास्त होई. एका पापुद्र्याला वासाचं नाव कळत नाही. पण सोळा जणांच्या कमीजास्तीची मिळून एक रांगोळी बनते, आणि प्रत्येक वासाची रांगोळी वेगळी. कंपनीनं वीस हजार डाळिंबं नकटीला हुंगवली, मग कापली आणि तिला सांगितलं, ही कुजकी, ही चांगली. बस्स. डाळिंब म्हणजे काय हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला फक्त कूज शिकवली होती.

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा बायकांना अभिमानानं समजावून सांगितलं होतं. त्याचा अर्थ मला तीन आठवड्यांनी कळला.

पहिलं टेबल वैजयंता बंडगरचं. वैजयंता माझी विद्यार्थिनी. सातवीनंतर घरच्यांनी तिला शेळ्यांमागं धाडलं, तेव्हा मी तिच्या वडलांशी भांडायला गेले होते आणि हरून आले होते. पॅकहाऊसची किल्ली हातात आली त्या दिवशी पहिलं टेबल मी तिला दिलं. तिची पारख टिचकीची होती. फळ डाव्या तळव्यावर घ्यायचं, उजव्या मधल्या बोटानं टिचकी मारायची आणि ऐकायचं. निरोगी फळ ठण्ण वाजतं, आतून गेलेलं बद्द वाजतं. मला ते दोन्ही आवाज सारखेच ऐकू यायचे. तिचा हात हजारात एखाददुसरं फळ चुकायचा.

अशा वैजयंताच्या टेबलावर लाल दिवा लागला. सोमवारी सकाळी अकराला, मग दुपारी पावणेदोनला. मंगळवारी चारला तिसरा. पारखून चांगली म्हणून भरलेल्या फळांवर आठवड्यात तीन लाल लागले की पारखणारीनं टेबल सोडून फळं धुण्याच्या हौदावर जायचं, हा नियम होता. नियम माझा होता.

आणखी एक नियम माझाच होता, लाल लागलेला क्रेट उघडून बघत बसायचं नाही, तो सरळ रसाच्या गाडीत चढवायचा. वेळ वाचतो म्हणून.

“बाई, एक तरी फळ फोडून बघा की,” वैजयंता म्हणाली. “म्या टिचकी मारलीया ह्येला. समदी ठणठणीत हायती.”

“वैजयंता, यंत्राला ओळखदेख नसते,” मी म्हणाले. “सगळ्यांना एक न्याय. आणि चाळिशी ओलांडली की कान थोडा जातोच गं. तुझा हातही आता पहिल्यासारखा राहिला नसेल.”

हातातलं फळ तिनं हळूच क्रेटमध्ये ठेवलं, पदर खोचला आणि हौदाकडे गेली. मला वाईट वाटलं, पण नियम पाळल्याचं समाधानही वाटलं, आणि ते समाधान जास्त होतं, हे आज सांगताना लाज वाटते.

तिच्या जागी दुसरी बाई बसवली. आठवडाभर एकही लाल नाही. पाहा, यंत्र बरोबर होतं, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. पहिल्या टेबलाशी मी दिवसातून तीनदा जायची ती वैजयंताशी गप्पा मारायला. चहाचा कप घेऊन, नकटीखाली वाकून, तोंड भरभरून. नवीन बाईशी माझ्या गप्पाच नव्हत्या.

पुढच्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर उन्हाला बसल्या होत्या. मी गुलकंदाचा अर्धा तास आटोपून आत आले. पहिल्या नकटीवर धूळ दिसली म्हणून फडकं घेतलं, आणि काचेवर हाऽ करून वाफ धरतात तशी तिच्यावर वाफ धरली.

लाल.

टेबलावर डाळिंब नव्हतं. क्रेट नव्हता. मी होते.

मी तशीच उभी राहिले. मग एकतीस वर्षांची सवय जागी झाली आणि मी प्रयोग केला. श्वास रोखून तोंड जवळ नेलं, हिरवा. फडकं जवळ नेलं, हिरवा. नाकानं श्वास सोडला, हिरवा. तोंड उघडून हाऽ केलं, लाल. दुसऱ्या टेबलावर जाऊन केलं, लाल. तिसऱ्यावरही लाल. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, म्हणजे खरं कारण सापडतं, हे मी हजार मुलांना शिकवलं होतं. सापडलेलं कारण माझ्या उजव्या गालाच्या आत बसलं होतं.

कारण कसं जुळलं तेही मला तिथंच कळलं, कारण धडा पाठ होता. डाळिंबात बुरशी, दातात जिवाणू, पण कुजायची रीत जवळपास एकच. तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. दातावरचं कवच शरीरातली सगळ्यांत कठीण वस्तू, पण आम्लापुढं त्याचा चुना विरघळतो. आधी खडूसारखा पांढरा डाग, मग तपकिरी ठिपका, मग खळगा. खळग्यात अन्न साठतं, तिथं हवा पोचत नाही, आणि बिनहवेचे दुसरे जिवाणू वस्तीला येऊन गंधकाचा घाण वायू सोडतात. आम्ल अधिक गंधक, नकटीच्या लेखी रांगोळी पुरी झाली. तोंड असो नाहीतर फळ, कूज ती कूज.

मी खुर्चीवर बसले. नाकाला काही कळत नव्हतं, कारण आपल्याच तोंडाचा वास आपल्याला येत नसतो. वर मी लवंग चघळत होते. म्हणजे समोरच्यांना येत होता का? आणि त्यांनी ‘बाई’ म्हणून गप्प बसून सोसला? कान गरम झाले. मग हौदाशी पाण्यात हात घालून सुरकुतलेली वैजयंताची बोटं आठवली.

खरं बोलायचं ठरवून मी हौदावर गेले आणि खोटं बोलले.

“वैजयंता, ती पहिली नकटीच बिघडली होती गं. पापुद्रे भरकटले होते. तू ये परत टेबलावर.”

तिनं पाण्यातून हात काढले नाहीत. “मागल्या आठवड्यात माझा हात भरकटला हुता. आज मशीन भरकटलं. उद्या काय भरकटनार हाय, बाई?”

“अगं, सोड ना आता. ये म्हणते ना मी.”

“तुमी म्हनता म्हनून जायाचं, तुमी म्हनता म्हनून यायाचं. तसं न्हाय यायची मी.” तिनं एक फळ उचललं, पाणी निथळू दिलं. “समद्यांच्या म्होरं फळं ठेवा. म्या टिचकी मारती, मशीन हुंगू दे. मग कापा. हात गेला आसंल तर हितंच ऱ्हाईन, आन् तोंड वर करून बोलनार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाआधी पहिल्या टेबलाभोवती सगळ्या जमल्या. तीस फळं मांडली होती. मी मुद्दाम दूर दाराशी उभी राहिले, वही घेऊन, ओठ मिटून. वैजयंता एकेक फळ उचलायची, टिचकी मारायची, सांगायची. मग नकटीखाली धरायची. मग सुरी.

ठण्ण. चांगलं. हिरवा. कापलं, तर दाणे माणकासारखे.

बद्द. गेलेलं. लाल. कापलं, तर आत काळा गोळा.

तीसच्या तीस वेळा वैजयंता आणि नकटी दोघींचं एकमत झालं. एकोणतिसाव्याला तर बायका आधीच टाळ्या वाजवायला लागल्या होत्या. शेवटचं फळ कापून झालं तेव्हा मला वाटलं, सुटले. तिची अब्रू राहिली, यंत्राची राहिली, माझीही राहिली.

पण वैजयंतानं सुरी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. “हात चांगला हाय. मशीन बी चांगलं हाय. मग त्या तीन येळला लाल लागला त्यो कशाचा?”

एकीनं हळूच ‘नजर’ असं म्हटलं. दुसरी म्हणाली, बंडगरणीच्या हाताला कुणाचं तरी वाईट लागलंय. मी पाहिलं, वैजयंताची मान खाली गेली. ती टेबलावर परत आली असती, पण हे मागं चिकटलं असतं ते सुटलं नसतं. आणि दाराशी ढोबळे बाई वही घेऊन उभ्या होत्या.

मी वही दाराशीच ठेवली. चालत टेबलापाशी गेले. “सरका गं,” म्हणाले आणि नकटीखाली मान घालून मोठ्ठा आ केला.

हाऽऽ!

लाल.

“हा लाल माझा,” मी म्हणाले. “तेही तिन्ही माझेच. माझी दाढ किडलीय. आठ महिने झाले. मी डॉक्टरांना घाबरते म्हणून लपवली. आणि इथं वैजयंताशी बोलायला वाकायची, तेव्हा नकटीला माझा वास यायचा.”

मागून एका म्हातारीचा आवाज आला, “आन् आमाला मिशरी लावू नगा म्हून शिकवनी!”

त्यानंतर जे हसू फुटलं त्याला आवर नव्हता. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. क्रेट सांडला, डाळिंबं जमिनीवरून गडगडत गेली. मीही हसले. इतक्या महिन्यांत तोंड पूर्ण उघडून हसले नव्हते हे मला तेव्हाच कळलं. एकटी वैजयंता हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

“दुखत हुतं?” तिनं विचारलं.

“फार. पण दहाएक दिवस झाले, थांबलंय.”

“झाडाची मुळी मेली की बी थांबतंय, बाई.” आणि मग तिनं हुकूम सोडला. “आज दाढ दाखवा. माझ्या टेबलाचं मग बघू.”

पण त्याआधी एक प्रकार झाला. त्या मिशरीवाल्या म्हातारीनं पुढं होऊन नकटीखाली तोंड घातलं. तिचा लाल लागला. मग तिच्या सुनेनं घातलं. मग रांगच लागली. दिवा लागला की हसू, लागला की ओरडा. एक तरुण मुलगी मात्र रांगेतून मागं सरकली. तिच्या लग्नाचं चाललं होतं. तेव्हा वैजयंतानं आपला शेलका रुमाल काढला आणि दिव्यावर असा बांधला की खाली वाकणारीलाच तो दिसावा.

“ज्याचं त्यानं बघायचं,” ती म्हणाली. “दुसरीच्या दिव्यात डोकवायचं न्हाई.”

त्या मुलीनं वाकून पाहिलं. वर आली तेव्हा चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. माझ्या सगळ्या नियमांत असा एकही शहाणा नियम नव्हता.

वैजयंतानं मला तिच्या बॅटरीच्या स्कूटरवर मागं बसवून सांगोल्याला नेलं. ज्या मुलीला मी एकदा घट्ट हात धरून फळ्यापाशी नेलं होतं, तिच्या खांद्याला धरून मी चालले होते. वाटेत दोनदा मी म्हणाले की उद्या जाऊ. दोनदा तिनं वेग वाढवला.

डॉक्टर तबस्सुम मुलाणी माझ्या भाचीच्या वयाच्या. मी खुर्चीवर बसताच वैजयंतानं माझ्या चपला उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवल्या. “पळून जात्यात ह्या,” तिनं डॉक्टरांना सांगितलं.

त्यांनी दातावर पेन्सिलीएवढी एक उजेडाची कांडी फिरवली. क्ष-किरण नाहीत, नुसता उजेड, पण दाताच्या आरपार जाणारा. समोरच्या भिंतीवर माझी दाढ उमटली, हातभर उंच. वर मोहरीएवढं भोक. आणि खाली, त्या भोकाच्या पोटात, वाटीएवढी काळोखी पोकळी.

“बाई,” वैजयंता उठून भिंतीपाशी गेली, “ह्ये तर आपलंच फळ की वो. वरनं डाग न्हाई आन् आतनं समदं गेलेलं.”

“अगदी बरोबर,” डॉक्टर म्हणाल्या. “वरचं कवच कठीण, म्हणून तोंड लहान राहतं. आतला भाग मऊ, म्हणून कीड तिथं पसरते. काकू, थंड लागायचं तेव्हाच आला असतात तर खळगा भरून काम झालं असतं. त्याच्याही आधी, नुसता पांढरा डाग असताना आला असतात, तर चुना परत बसवायचे थेंब मिळतात हल्ली. कोरायचंसुद्धा काम नव्हतं.”

“पण डॉक्टर, दुखायचं थांबलं होतं.”

“नस मेली म्हणून थांबलं. दुखत होतं तोवर दात तुम्हाला हाका मारत होता.” त्यांनी आरशाच्या दांड्यानं दाढेवर हलकेच टकटक केलं. शेजारच्या दातावर केलं. पुन्हा दाढेवर केलं.

“बद्द वाजतंय,” वैजयंता पटकन म्हणाली.

डॉक्टरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. “तुम्हाला ऐकू आलं? आम्हाला हा फरक शिकायला वर्ष लागतं.”

मी आ वासून पडले होते, पण कानांनी सगळं ऐकत होते. ह्या कानाबद्दल मी काय बोलले होते तेही मला ऐकू येत होतं.

“काढावी लागणार?” मी शेवटी विचारलं. सदतीस वर्षांची भीती त्या दोन शब्दांत होती.

“नाही. मुळं पक्की आहेत. नसेची जागा साफ करू, भरू, आणि वर टोपण बसवू. ते इथंच छापून देते. अजून दोनेक महिने गेले असते तर असं सांगता आलं नसतं.”

भूल देताना त्यांनी आधी हिरडीला मलम लावलं, मग सुई, आणि मग दहा मिनिटं नुसत्या थांबल्या. गप्पा मारत. घाई नाही. मला विचारून, टोचून बघून, पुन्हा विचारून मगच सुरुवात केली. मला दाब जाणवला, पाण्याचा फवारा जाणवला, कळ एकही जाणवली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टर थांबल्या. मी हातानं ‘चालू द्या’ केलं. दुखत नव्हतं म्हणून रडू येत होतं. एवढ्यासाठी मी आठ महिने एका बाजूनं जेवले, गुलकंद चाखला, आणि माझ्या सगळ्यांत गुणी मुलीला पाण्यात उभं केलं!

गुलकंदाचं मी त्यानंतरच सांगितलं, आणि अवजार खाली ठेवलं गेलं ते तेव्हा.

पुढचे दोन आठवडे मजेचे गेले. दर मंगळवारी पॅकहाऊसच्या टेम्पोतून पाच-सहा बायका सांगोल्याला जाऊ लागल्या. कोण गेल्या ह्याची वही ठेवायची नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. रुमाल बांधलेल्या नकटीपाशी सकाळी सकाळी नवऱ्यांना घेऊन येणाऱ्याही निघाल्या. कंपनीला कळवलं तेव्हा तिकडून आधी कुणाचा विश्वास बसेना. मग एक अख्खं पथक आलं, आणि त्यांच्यातल्या साहेबांचाच लाल लागला. त्यांना वैजयंतानं स्वतः दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. तिचा दिवा पहिल्या दिवसापासून हिरवा होता, आणि ते ती दिवसातून एकदा तरी आठवणीनं सांगायची.

पण सांगायची ती हौदावरूनच. तिथं बसवलेली बाई आपल्या जुन्या जागी परत गेली होती आणि पहिलं टेबल रिकामं होतं. मी दोनदा बोलावलं, ती “बघू” म्हणाली. सगळ्यांना वाटलं, मानी आहे. मला मात्र कारण माहीत होतं. मी दाढेची कबुली दिली होती, तीही चारचौघांत, हशा पिकवत. ‘तुझा हात पहिल्यासारखा राहिला नसेल’ हे जे मी बोलले होते, त्याबद्दल मी तिला एक शब्दही म्हटला नव्हता. दाढ साफ झाली होती. ते वाक्य तसंच आत होतं.

टोपण बसवून आले त्या दिवशी दुपारी मी हौदापाशी गेले आणि तिचा ओला हात धरला. ती माझ्याबरोबर आली. मी पहिल्या टेबलाच्या नकटीवरचा रुमाल सोडला, सगळ्यांना दिवा दिसेल असा. आणि अगदी तिच्या खाली, तोंड पूर्ण उघडून, एकेक शब्द म्हणत बोलले.

“वैजयंता, तुझ्या हाताबद्दल मी जे बोलले ते खोटं होतं. मला ते तेव्हाही माहीत होतं. एक फळ फोडून बघ म्हणालीस, ते मी बघितलं नाही, कारण बघायला मी घाबरले. मी तुझी बाई, आणि मी तुझं ऐकलं नाही. मला माफ कर.”

पॅकहाऊसमधली सगळी टेबलं थांबली होती. वैजयंता माझ्याकडे बघत नव्हती. ती मान वर करून दिव्याकडे बघत होती.

“हिरवा हाय,” ती म्हणाली. “म्हंजी आतनं बोललासा.”

आणि तिनं क्रेट स्वतःकडे ओढला.